रस्त्याचे पैसे कितीदा द्यायचे? जयकर समिती ते कोल्हापूरचा टोल

मंडळी, आज तत्त्वज्ञान थोडं आणि हिशेब जास्त. विषय आपल्या दारातलाच आहे. कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनातली ती घोषणा तुम्हाला आठवत असेल: ‘देणार नाय, देणार नाय, टोल आम्ही देणार नाय.’ बिंदू चौकात, शिवाजी चौकात, नाक्यांवर ती आम्ही कितीदा ऐकली असेल, मोजदाद नाही. आमच्या व्यवसायाची खोड अशी की घोषणा ऐकली तरी वाक्यरचना बघायची. या घोषणेत ‘परवडत नाही’ असा शब्द नाही. ‘कमी करा’ असाही नाही. नुसतं ‘देणार नाही’.

देणार नाही, असं माणूस कधी म्हणतो? मागणाऱ्याला मागायचा अधिकारच नसेल तेव्हा. किंवा आपण आधीच दिलेलं असेल तेव्हा. कोल्हापूरकर दोन्ही म्हणत होते. पहिल्या मुद्द्यावर, म्हणजे करार कसा झाला, महापालिकेनं काय ठराव केले, काम किती अपुरं राहिलं, यावर भरपूर बोललं गेलं आहे. दुसऱ्यावर फार कमी. रिक्षावाल्यापासून वकिलापर्यंत प्रत्येक जण म्हणायचा, ‘अहो, गाडी घेताना कर भरला, पेट्रोलवर रोज भरतोय, आता रस्त्यावर परत कशाला?’ हे वाक्य नुसतं वैतागाचं आहे, की त्याला इतिहासाचा आधार आहे? आमचं म्हणणं असं की आधार आहे, आणि चांगला भक्कम आहे. फक्त तो आपण विसरलोय. तो शोधायचा तर थोडं मागं जावं लागेल.

आधी, बाहेरगावचे लोक ऐकत आहेत म्हणून, हकीकत दोन मिनिटांत सांगतो. २००८ साली कोल्हापूर महापालिका, महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ आणि आयआरबी कंपनी यांच्यात एकात्मिक रस्ते विकास प्रकल्पाचा करार झाला. शहरातले सुमारे ५० किलोमीटरचे रस्ते, खर्च २२० कोटींच्या आसपास, आणि बदल्यात ३० वर्षं टोल वसूल करायचा हक्क. शिवाय टेंबलाईवाडीचा भूखंड ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं. शहराच्या सगळ्या वाटांवर मिळून नऊ नाके: शिरोली, उचगाव, सरनोबतवाडी, फुलेवाडी, कळंबा वगैरे. नाके उभे राहिले तसा विरोध उभा राहिला. सर्वपक्षीय टोलविरोधी कृती समिती झाली. प्रा. एन. डी. पाटील पुढं होते, कॉम्रेड गोविंद पानसरे होते, आणि जे एरवी एकमेकांच्या व्यासपीठावर चढत नाहीत असे पक्षही होते. ऑक्टोबर २०१३ मध्ये प्रत्यक्ष वसुली सुरू झाली. जानेवारी २०१४ मध्ये नाके फुटले, जळले. फेब्रुवारीत उच्च न्यायालयानं वसुलीला स्थगिती दिली, मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं ती उठवली, जूनमध्ये वसुली पुन्हा सुरू. डिसेंबर २०१५ मध्ये नागपूर अधिवेशनात कोल्हापूरचा टोल कायमचा रद्द झाल्याची घोषणा झाली. झालं. आता मागं जाऊ.

मुंबई इलाख्यात रस्त्यावरचा टोल काही नवा नव्हता. १८७५ सालचा कायदाच आहे, रस्ते आणि पुलांवरच्या टोलचा. बैलगाडी, घोडा, टांगा, सगळ्यांकडून नाक्यावर पैसे घ्यायचे आणि त्यातून रस्ता राखायचा. ‘नाका’ हा शब्द आपल्या तोंडात इतका बसलाय तो उगाच नाही. जकात नाका, टोल नाका. गावाच्या वेशीवर कोणीतरी हात आडवा करणार, ही आपली जुनी सवय.

मग मोटार आली. मोटारीनं दोन गोष्टी केल्या. बैलगाड्यांसाठी बांधलेले खडीचे रस्ते तिनं उखडून काढले, आणि तिला नाक्यानाक्यावर थांबणं सोसेना. मोटारवाले तेव्हा थोडे होते आणि श्रीमंत होते. त्यांच्या संघटना झाल्या. मुंबईत १९१९ साली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन निघाली. आता, श्रीमंतांची संघटना म्हटली की आपण नाक मुरडतो. पण त्यांनी विचारलेला प्रश्न योग्य होता: आमच्या पेट्रोलवर सरकार कर घेतं, त्याचं रस्त्यासाठी काय होतं?

हा प्रश्न तेव्हा जगभर चालू होता. इंग्लंडमध्ये लॉइड जॉर्ज यांनी १९०९च्या अंदाजपत्रकात पेट्रोलवर गॅलनमागे तीन पेन्स कर बसवला तो रस्त्यांसाठी म्हणून. अमेरिकेत ओरेगॉन राज्यानं १९१९ साली गॅलनमागे एक सेंट लावला, तोही रस्त्यांसाठी. युक्तिवाद मोठा सुबक आहे. जो जास्त गाडी चालवतो तो जास्त पेट्रोल जाळतो. ज्याची गाडी जड, तो आणखी जाळतो. म्हणजे रस्ता जितका वापरला तितके पैसे आपोआप भरले जातात. नाका नको, पहारेकरी नको, रांग नको. पेट्रोलची टाकी हाच टोलनाका. हे एकदा मान्य केलं की रस्त्यावरच्या नाक्याला कारणच उरत नाही.

आपल्याकडे हा विचार एका मराठी माणसाच्या सहीनं आला. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. सप्रू-जयकर ही जोडी गांधी आणि आयर्विन यांच्यात मध्यस्थी करणारी म्हणून पाठ्यपुस्तकात भेटते. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून आम्हा मास्तरमंडळींना ते आणखी ठाऊक. पण १९२७ साली नेमलेल्या भारतीय रस्ते विकास समितीचे ते अध्यक्ष होते, हे किती जणांना माहीत आहे? या समितीनं १९२८ मध्ये अहवाल दिला. रस्त्यांचा विकास प्रांतांच्या आणि लोकल बोर्डांच्या ऐपतीबाहेर चाललाय, मध्यवर्ती सरकारनं भार उचलावा, आणि त्यासाठी पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा घ्यावेत, अशी शिफारस केली. कर चार आण्यांचा सहा आणे झाला. वरचे दोन आणे वेगळे काढायचे, त्यांचा स्वतंत्र रस्तानिधी करायचा, थोडा भाग मध्यवर्ती सरकारनं राखायचा आणि बाकीचा प्रांतांना त्यांच्या पेट्रोलच्या खपाप्रमाणे वाटायचा. १ मार्च १९२९ पासून हे अमलात आलं.

इथं जरा थांबू. कर वाढवला आणि तो भरणाऱ्यानं मान्य केला, असं इतिहासात फार वेळा होत नाही. इथं झालं, कारण कराबरोबर एक शब्द दिला होता: हे पैसे रस्त्याला लागतील. आम्ही याला करार म्हणतो. कागदावर दोन पक्षांच्या सह्या असलेला नव्हे. पण हॉब्ज, लॉक, रूसो ज्या सामाजिक कराराबद्दल लिहितात त्याच्यावर तरी कुठं कुणाची सही आहे? त्या मानानं दोन आण्यांचा हा करार फार ठोस होता. त्याला तारीख आहे, रक्कम आहे.

कराराचा दुसरा भाग मुंबई प्रांतात झाला. १९३५ साली मुंबई मोटार वाहन कर कायदा आला. प्रांतानं मोटारींवर एकच कर बसवायचा, लोकल बोर्डांनी आणि नगरपालिकांनी मोटारींकडून टोल घेणं थांबवायचं, आणि त्यांचं बुडालेलं उत्पन्न प्रांतानं त्यांना भरून द्यायचं. हा कायदा ब्रिटिश मुलखाचा. कोल्हापूर तेव्हा संस्थान. आपलं संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं १ मार्च १९४९ ला, रस्तानिधीला बरोबर वीस वर्षं झाली त्या दिवशी. निव्वळ योगायोग, पण आम्हाला अशा योगायोगांची हौस आहे. पुढं १९५८ साली नवा मोटार वाहन कर कायदा झाला आणि जुना नियम त्याच्या विसाव्या कलमात आला. मोटार वाहनांवर टोल नाही, हा नियम. आता गंमत बघा. याच कलमात नंतर पोटकलमं घातली गेली: नवा पूल, बोगदा, रस्ता वगैरेंसाठी भांडवल घातलं असेल तर ते वसूल होईपर्यंत टोल घेता येईल. म्हणजे महाराष्ट्रातला टोल ज्या कलमातून निघतो, ते कलम मुळात टोल बंद करण्यासाठी आहे. दार बंद करायचं आणि त्याच दाराला खिडकी पाडायची.

तेव्हा, ‘आम्ही आधीच दिलंय’ हे कोल्हापूरच्या रिक्षावाल्याचं वाक्य १९२९ आणि १९३५ सालचं सरकारचं स्वतःचं वाक्य आहे. रिक्षावाल्याला जयकर माहीत नसतील. पण बाप मुलाला सांगतो तसं हे ज्ञान पिढीमागून पिढी उतरलेलं असतं.

मग हा शब्द मोडला कसा? कुणी एके दिवशी जाहीर करून मोडला नाही, तो झिजत गेला. इंग्लंडमध्ये हे उघड झालं. चर्चिल अर्थमंत्री असताना १९२६ मध्ये त्यांनी रस्तानिधीतला पैसा सरळ सरकारी तिजोरीत वळवला. त्यांची बाजूही ऐकायला हवी. मोटारवाल्यांनी भरलेला कर मोटारवाल्यांसाठीच, असं मान्य केलं तर उद्या दारू पिणारे म्हणतील आमच्या दारूवरचा कर आमच्यासाठी खर्च करा. मग पार्लमेंटनं करायचं काय? हा युक्तिवाद हलका नाही. कर हा कर असतो, तो कुठं लावायचा हे लोकप्रतिनिधींनी ठरवायचं. आम्ही वर्गात कित्येक वर्षं हेच शिकवलं. पण एक फरक विसरू नये. दारूवरचा कर घेताना ‘याचे गुत्ते बांधू’ असं कुणी म्हटलं नव्हतं. पेट्रोलवरचा घेताना म्हटलं होतं.

आपल्याकडे १९४३ साली नागपुरात प्रांतांचे मुख्य अभियंते जमले आणि वीस वर्षांची योजना आखली. शेतीप्रधान भागातलं कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब नको, हे त्यातलं स्वप्न. त्याला पैसा लागणार होता. पेट्रोलवरचा कर तर वाढत गेला, पण रस्त्यासाठी वेगळा काढलेला हिस्सा त्या प्रमाणात वाढला नाही. डिझेलवर चालणारे ट्रक आणि एसट्या रस्त्यावर आल्या, आणि जुना निधी तर पेट्रोलवर बेतलेला. शेवटी १९९८ मध्ये पेट्रोलवर आणि १९९९ मध्ये डिझेलवर लिटरमागे एक एक रुपया रस्त्यासाठी असा उपकर आला, आणि २००० साली केंद्रीय रस्तानिधीचा कायदा झाला. जयकरांचे दोन आणे सत्तर वर्षांनी रुपया होऊन परत आले. डिझेलच्या त्या पैशातून प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचे रस्ते झाले, आणि ते चांगले झाले, हे आम्ही आमच्या गावाकडं डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणजे वेगळा निधी चालूच शकत नाही असं नाही. पण २०१८ साली त्याचं नाव बदलून रस्ते आणि पायाभूत सुविधा असं झालं, उपकर लिटरला आठ रुपये झाला, आणि यादीत रेल्वे, जलमार्ग, पाणीपुरवठा, शिक्षणसंस्था, रुग्णालयं, सगळं आलं. सगळ्या चांगल्याच गोष्टी. पण रस्त्याच्या नावावर घेतलेले पैसे.

न्यायालयांची वाटही अशीच वळली. १९६२ साली राजस्थानच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं की वाहनकर हा रस्त्यांच्या सोयीचा मोबदला आहे, म्हणून तो व्यापाराच्या स्वातंत्र्याआड येत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठानं मोबदला-कराची ही कल्पनाच बाजूला ठेवली. आता कायद्याच्या नजरेत कर म्हणजे कर.

या सगळ्यात टोल परत कुठून आला? नव्वदच्या दशकात. सरकारकडं पैसा नाही, खासगी भांडवल आणू, कंपनी रस्ता बांधेल, टोल घेऊन वसूल करेल आणि मुदत संपली की परत देईल. बांधा, वापरा, हस्तांतरित करा. १९९६ साली रस्ते विकास महामंडळ स्थापन झालं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाला. तो मार्ग झाला तेव्हा आम्हीसुद्धा खूश होतो, खोटं कशाला बोलू? बोरघाटात ट्रकच्या मागं तासन् तास अडकलेल्या माणसाला टोल म्हणजे सुटका वाटली. शिवाय तिथं जुना रस्ता होताच. ज्याला टोल द्यायचा नाही त्यानं जुन्या घाटानं जावं. तिथं निवड होती.

कोल्हापुरात ती नव्हती. नऊ नाके म्हणजे शहराच्या नऊ वेशी. बालिंग्याच्या पुढच्या माणसाला फुलेवाडीवरूनच यावं लागतं. तो रंकाळ्यावर फिरायला येत नसतो. तो सीपीआरला येतो, कोर्टात येतो, शाहू मार्केट यार्डात गूळ घेऊन येतो, पोराला कॉलेजात सोडायला येतो. रस्ता नवा नाही. त्याचा आजा बैलगाडी घेऊन ज्या रस्त्यानं यायचा तोच तो, रुंद केलेला. अशा रस्त्यावर पैसे मागणं आणि द्रुतगती मार्गावर मागणं, यात जातीचा फरक आहे. एक सेवा आहे. दुसरा प्रवेशकर आहे. त्या काळात शहराची हद्दवाढ आजूबाजूच्या गावांनी अडवून धरली होती. शहर आणि ही गावं यांचं त्या बाबतीत पटत नव्हतं. पण टोलच्या मोर्चात दोन्हीकडची माणसं एकत्र आली, कारण नाका दोघांच्या मध्ये उभा राहिला होता.

इथं आम्हाला ॲडम स्मिथची आठवण होते. बाजारपेठेचा देव म्हणून ज्याची पूजा होते, तोच. १७७६च्या ग्रंथात त्यानं टोलबद्दल पुष्कळ लिहिलंय. त्याला टोल तत्त्वतः आवडतो: गाडीच्या वजनाप्रमाणे घेतला तर ज्यानं रस्ता झिजवला तोच भरतो. पण पुढं तो एक फरक करतो. कालव्याचा टोल खासगी मालकाला दिला तर चालेल, रस्त्याचा देऊ नये. का? कालव्याची निगा राखली नाही तर नावा चालत नाहीत आणि मालकाचंच उत्पन्न बंद पडतं. रस्त्याचं तसं नाही. रस्ता उखडला, खड्डे पडले, तरी लोक धडपडत त्यावरून जातच राहतात आणि टोल भरतच राहतात. म्हणून मालकाला रस्ता राखायची गरज वाटत नाही. अडीचशे वर्षांपूर्वीचं हे निरीक्षण आहे. आणि त्याचा आणखी एक इशारा: टोल हे सरकारी उत्पन्नाचं साधन झालं की त्याचा भार शेवटी जड आणि स्वस्त माल वापरणाऱ्या गरिबावर पडतो. गूळ, भाजी, कोळसा. खासगीकरणाच्या बाजूनं बोलणाऱ्या मित्रांना आम्ही हे सांगितलं की ते म्हणतात, सर, स्मिथ जुना झाला. असेल.

आता महापालिकेची बाजू. ती सांगितली नाही तर आम्ही इतिहास सांगत नाही, भाषण ठोकतोय असं होईल. २००८ साली रस्ते खरोखर वाईट होते. केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेत महाराष्ट्रातली मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि नांदेड होती, कोल्हापूर नव्हतं. महापालिकेचं उत्पन्न तुटपुंजं. जकात, मग एलबीटी, मग तोही गेला. अशा घराला सावकार दारात येऊन म्हणाला, बांधून देतो, तू एक पैसा देऊ नकोस, तुझ्या पाव्हण्यांकडून मी घेतो, तर घर काय म्हणणार? चूक झाली. पण गरजू माणसाच्या हातून होते तशी झाली.

जानेवारी २०१४च्या जाळपोळीबद्दल काही बोलल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. वेल्समध्ये १८३९ ते १८४३ या काळात शेतकऱ्यांनी बायकांचे कपडे घालून रात्री टोलची फाटकं फोडली. रिबेका दंगे म्हणतात त्यांना. तिथंही चुनखडी शेतात न्यायची तर दर थोड्या अंतरावर फाटक, आणि टोल घेणारे ठेकेदार. पुढं चौकशी नेमली गेली आणि टोलची व्यवस्था बदलली. हे वाचून तरुण मंडळी म्हणतात, बघा, फोडल्याशिवाय ऐकत नाहीत. आमचं मत वेगळं आहे. कोल्हापुरातला टोल जाळपोळीनं गेला असता तर जानेवारी २०१४ मध्येच गेला असता. तो गेला डिसेंबर २०१५ मध्ये. मधल्या जवळजवळ दोन वर्षांत समितीनं सभा घेतल्या, न्यायालयाचे हेलपाटे घातले, कामाच्या फेरमूल्यांकनाचा आग्रह धरला, मुंबईला बैठका केल्या. चौऱ्याऐंशी वर्षांचे एन. डी. सर त्या वयात मोर्चात चालत होते. पानसरेंनी तर शेवट पाहिलाच नाही. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले.

एक विरोधाभास तेव्हापासून आम्हाला सतावतो. शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. सर, कम्युनिस्ट पानसरे: ही माणसं गाडीवाल्यांच्या आंदोलनाचं नेतृत्व करत होती. १९१९ साली मुंबईत ज्या वर्गानं पेट्रोलकराचा हिशेब मागितला, तो वर्ग आणि हे नेते यांचं काय नातं? आमचा एक अर्थशास्त्राचा मित्र तेव्हाच म्हणाला होता, ‘गुरुजी, टोल गेला तर पैसे कोण देणार? ज्या बाईकडं सायकलसुद्धा नाही, ती चहापत्तीवरच्या करातून देणार.’ आम्ही त्याच्याशी भांडलो. पण झालं काय? सरकारनं टोल बंद केला तो कंपनीला भरपाई देऊन, सार्वजनिक पैशातून. आणि याच २०१५ सालात, १ ऑक्टोबरपासून राज्यानं पेट्रोल आणि डिझेलवर लिटरमागे दोन रुपये अधिभार लावला, दुष्काळासाठी. पाऊस पडला, दुष्काळ हटला, अधिभार मात्र लगेच हटला नाही. नाक्यावरची रक्कम बंद झाली त्याच सुमारास पंपावरची वाढली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध आहे असं आम्ही म्हणत नाही. फरक दाखवायचाय. नाक्यावरच्या रकमेवर हजारो लोक रस्त्यावर उतरले. पंपावरच्या रकमेवर कुणी मोर्चा काढल्याचं आम्हाला आठवत नाही.

का? टोल दिसतो. आडवा बांबू दिसतो, हात पुढं येतो, पावती मिळते. पेट्रोलमधला कर पेट्रोलमध्ये विरघळलेला असतो. त्याची पावती कुणी मागत नाही. जयकर समितीला हीच सोय वाटली होती: नाका नको, रांग नको. तिची दुसरी बाजू अशी की जो कर दिसत नाही त्याचा हिशेबही कुणी विचारत नाही. कोल्हापूरच्या आंदोलनाचं मोठेपण आम्हाला वाटतं ते हे, की त्यानं काही काळ तरी दिसणारा कर आणि न दिसणारा कर यांची बेरीज चौकात मांडली. टोल रद्द होणं हे त्याचं फळ झालं. ती बेरीज पुढं कुणी चालू ठेवली नाही.

कबुलीही देऊन टाकतो, नाही तर प्रश्नोत्तरांत कुणीतरी विचारेलच. मागं एका सभेत एका विद्यार्थिनीनं विचारलंच होतं, ‘सर, तुम्ही टोल भरला होता का?’ भरला होता. २०१३च्या दिवाळीच्या सुमाराला, फुलेवाडीला. गाडीत आजारी माणूस होता, मागं हॉर्न वाजत होते, आणि खिडकीशी आलेला पोरगा आमच्या नातवाच्या वयाचा. त्याच्याशी सामाजिक करारावर काय बोलणार? पैसे दिले, पावती घेतली. ती पावती बरेच दिवस एका पुस्तकात खूण म्हणून होती.

आता फास्टॅग आहे. फेब्रुवारी २०२१ पासून तो सक्तीचा झाला आणि टोलसुद्धा पेट्रोलकरासारखाच न दिसणारा झाला. हात पुढं येत नाही, खात्यातून रक्कम जाते, मोबाइलवर मेसेज येतो, तोही आपण वाचत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर लहान गाड्यांना टोलमाफी मिळाली, म्हणजे मुंबईच्या वेशी कोल्हापूरच्या नऊ वर्षांनंतर मोकळ्या झाल्या, त्याही फक्त लहान गाड्यांना. आणि विजेवरच्या गाड्या येताहेत. त्या पेट्रोल जाळतच नाहीत. जो जास्त चालवतो तो जास्त भरतो, हे जयकरांचं गणित त्यांना लागू पडत नाही. उद्या त्या गाडीवाल्याकडं रस्त्याचे पैसे मागितले, तर ‘आधीच दिलंय’ असं तो म्हणू शकणार नाही. मग त्याच्याकडून किलोमीटरवर घ्यायचे, वजनावर घ्यायचे, की परत एकदा वेशीवर बांबू आडवा टाकायचा? आमच्याकडं याचं उत्तर तयार नाही. वेळही झालीय. मागच्या रांगेत कुणाचा तरी हात मघापासून वर आहे, त्यांना माइक द्या.